शिक्षेची मुदत आणि नोंदीचे आयुष्य

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात, परस्परांहून अत्यंत भिन्न अशा दोन वसाहती एकमेकींपासून काही किलोमीटरांच्या अंतरावर वसलेल्या आहेत. त्यांपैकी एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स सिटी. देशातील संगणक-उद्योगाची ही एक प्रमुख पेठ असून हजारो तरुण अभियंते प्रतिदिनी तेथे कामास जातात. दुसरी म्हणजे परप्पन अग्रहार येथील मध्यवर्ती कारागृह. दुसऱ्या वसाहतीतून सुटून आलेल्या मनुष्यास पहिल्या वसाहतीत काम मिळू शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता थोड्याशा व्यक्तींपुरता मर्यादित वाटतो. वस्तुतः ज्याच्यावर कधीकाळी एखादा खटला झाला, ज्याला एखाद्या भांडणात दंड झाला, अथवा ज्याचे नाव केवळ एखाद्या फिर्यादीत नोंदले गेले, अशा प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. कायदा काय म्हणतो, मालक काय विचारतो आणि संगणकाच्या स्मृतीत काय शिल्लक राहते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्यांचा क्रमाने विचार केला असता असे दिसून येते की, कायद्याने अनेक ठिकाणी कलंकाला मुदत घालून दिली आहे. परंतु नोकरीच्या अर्जावरील प्रश्नाला आणि त्यामागील नोंदीला अशी मुदत बहुधा नसते.

‘नोंद’ म्हणजे काय?

सामान्य व्यवहारात ‘गुन्ह्याची नोंद’ हे शब्द फार सैलपणे वापरले जातात. पोलीस ठाण्यात प्राथमिक माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदला जाणे ही पहिली पायरी होय. तपासानंतर आरोपपत्र दाखल होणे ही दुसरी, न्यायालयाने आरोप निश्चित करणे ही तिसरी, आणि दोषसिद्धी ही शेवटची. या प्रत्येक पायरीवर प्रकरण संपू शकते. पोलीस पुरावा नसल्याचा अहवाल देतात. उच्च न्यायालय खटलाच रद्द ठरवते. उभय पक्षांत तडजोड होते. अथवा आरोपी निर्दोष सुटतो. तडजोडीस पात्र असलेल्या गुन्ह्यात रीतसर तडजोड झाली, तर तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच होतो, असे फौजदारी प्रक्रियेचा कायदा स्पष्टपणे सांगतो.

हा भेद महत्त्वाचा असण्याचे कारण आकड्यांवरून कळून येईल. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. यांपैकी जे पुढे निर्दोष सुटतात त्यांच्या आयुष्यातील काही महिने अथवा वर्षे नोकरीविना गेलेली असतात. मुलाखतीत त्या रिकाम्या काळाविषयी प्रश्न विचारला जातो, आणि दोषी नसलेल्या मनुष्यालाही दोषी मनुष्याप्रमाणेच उत्तर शोधावे लागते.

पडताळणीची व्यवस्था

संगणक-उद्योगात उमेदवाराची पार्श्वभूमी तपासण्याची पद्धत विशेष काटेकोर आहे. तिच्या मुळाशी या उद्योगाचे स्वरूपच आहे. बंगळूर, पुणे अथवा हैदराबाद येथे बसून काम करणारा कर्मचारी परदेशातील बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती हाताळीत असतो. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका दूरध्वनी-सेवा केंद्राचे काही आजी-माजी कर्मचारी पकडले गेले. एका अमेरिकन बँकेच्या ग्राहकांचे गुप्त क्रमांक मिळवून त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळविल्याचा त्यांच्यावर आरोप होता. या प्रकरणाची चर्चा जगभर झाली. जानेवारी २००६ मध्ये ‘नॅसकॉम’ या उद्योग-संघटनेने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री नावाची नोंदवही सुरू केली. कर्मचाऱ्याचे छायाचित्र, बोटांचे ठसे, शिक्षण आणि पूर्वीच्या नोकऱ्या यांची पडताळलेली माहिती तीत ठेवली जाते.

आज मोठ्या कंपन्या हे काम बहुधा त्रयस्थ संस्थांकडे सोपवितात. पदवी, पत्ता व पूर्वीची नोकरी यांच्याबरोबरच या संस्था न्यायालयांतील नोंदीही तपासतात. पूर्वी अशी तपासणी करावयाची तर एखाद्या वकिलास कचेरीत पाठवून जुन्या नोंदवह्या चाळाव्या लागत. ई-न्यायालय प्रकल्पानंतर पक्षकाराच्या नावावरून खटला शोधणे कोणालाही शक्य झाले आहे. तथापि हा शोध नावावर चालतो. एकाच नावाची माणसे आपल्याकडे पुष्कळ असतात; वडिलांचे नाव, वय आणि पत्ता ताडून पाहिला नाही, तर एकाचा खटला दुसऱ्याच्या माथी येण्याचा संभव असतो. शिवाय खटला दाखल झाल्याची नोंद जितक्या सहज सापडते, तितक्या सहज त्याचा निकाल सापडतोच असे नाही.

अनेकदा कंपनीला स्वतःला आक्षेप नसतो. परंतु परदेशी ग्राहकाशी झालेल्या करारात, दोषसिद्ध व्यक्तीस या कामावर नेमू नये, अशी अट असते. अशा वेळी उमेदवारास नकार देणारा अधिकारी त्या अटीकडे बोट दाखवितो, आणि ती अट घालणारा मनुष्य त्या उमेदवारास कधीही पाहत नाही.

कायद्याने घातलेली बंधने

काही क्षेत्रांत बंधन कायद्यानेच घातलेले आहे. बँककारी विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम १० नुसार, नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीस कोणतीही बँक नोकरीस ठेवू शकत नाही. येथे वर्षांची मर्यादा घातलेली नाही. आज बँकांचे व्यवहार जवळजवळ सर्वस्वी संगणकावर चालत असल्याने, या तरतुदीमुळे तंत्रज्ञाच्या रोजगाराचे एक मोठे क्षेत्र बंद होते.

इतरत्र मात्र कायद्याने मुदत सांगितली आहे. ज्यास स्वतःची कंपनी काढावयाची आहे, त्याच्यासाठी कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम १६४ महत्त्वाचे आहे. सहा महिने अथवा अधिक कारावास झालेली व्यक्ती, शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे होईपर्यंत संचालक होऊ शकत नाही. त्यानंतर होऊ शकते. सात वर्षे अथवा अधिक शिक्षा झाली असल्यास मात्र हा मार्ग कायमचा बंद होतो. पारपत्र अधिनियम, १९६७ मध्येही असाच विचार आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर दोषसिद्धीनंतरच्या पाच वर्षांत केलेल्या अर्जावर पारपत्र नाकारता येते. खटला प्रलंबित असतानाही ते नाकारता येते. परंतु १९९३ च्या अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाची परवानगी मिळविल्यास ते मिळू शकते. कामानिमित्त परदेशी जावे लागणाऱ्या अभियंत्याने ही गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. अर्थात पारपत्र मिळाले म्हणजे प्रवेश-परवाना मिळालाच असे नाही. त्याचे नियम त्या त्या देशाचे असतात.

या संदर्भात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ ची तरतूद विचार करण्यासारखी आहे. दोन वर्षे अथवा अधिक शिक्षा झालेली व्यक्ती सुटकेनंतर सहा वर्षांपर्यंत निवडणूक लढवू शकत नाही; पुढे तिची ही अपात्रता संपते. म्हणजे सुटकेनंतर सात वर्षांनी जो मनुष्य कायदे करण्यासाठी संसदेत बसू शकतो, त्यालाच एखाद्या कार्यालयात संगणक-प्रणालीतील चुका शोधण्याचे काम केवळ त्या जुन्या नोंदीमुळे नाकारले जाऊ शकते.

अर्जावरील प्रश्न

‘आपणांस कधी अटक झाली आहे काय? आपल्यावर खटला झाला आहे काय?’ असा प्रश्न अर्जावर दिसला की उमेदवार पेचात सापडतो. खरे सांगावे तर संधी जाण्याचे भय. लपवावे तर उघडकीस येण्याचे भय. सरकारी नोकरीच्या संदर्भात या पेचाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी केला आहे.

१९९६ साली निकालात निघालेले हरियाणातील एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. एका कनिष्ठ कर्मचाऱ्यास १९८० मध्ये किरकोळ अपराधाबद्दल २० रुपये दंड झाला होता, आणि तेवढ्यावरून त्याची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई टिकू दिली नाही. दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाच्या शिक्षेने कोणाची सरकारी नोकरी जाऊ नये, अशी तरतूद संसदेने करावी, असेही न्यायालयाने सुचविले. २०११ मध्ये दिल्ली पोलीस दलातील एका उमेदवाराचे प्रकरण आले. तरुणपणीच्या मारामारीचा खटला तडजोडीने मिटला होता, आणि उमेदवाराने तो अर्जात नमूद केला नव्हता. तरुणांच्या हातून असे प्रमाद होतात, त्यांच्याकडे काहीशा उदारतेने पाहावे, असे न्यायालयाने म्हटले. भाकरी चोरल्याबद्दल आयुष्यभर चोर म्हणून ओळखल्या गेलेल्या, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील ज्याँ वालज्याँचे उदाहरण त्या निकालपत्रात आले आहे.

यानंतर जुलै २०१६ मध्ये, अवतार सिंग यांच्या प्रकरणात, तीन न्यायाधीशांच्या पीठाने या विषयावरील सूत्रे एकत्र मांडली. उमेदवाराने दिलेली माहिती सत्य असली पाहिजे. गुन्हा क्षुल्लक असेल, तर ती माहिती दडविल्याचा प्रमाद मालकाने क्षम्य मानावा. अपराध गंभीर असेल, तर नेमणूक रद्द करता येते. उमेदवाराने सर्व काही खरे सांगितले, तरीही त्याची पार्श्वभूमी विचारात घेण्याचा अधिकार मालकाकडे राहतो. आणि जी माहिती नेमकेपणाने विचारली असेल, तेवढीच सांगण्याचे बंधन उमेदवारावर असते.

हे निकाल सरकारी सेवेचे आहेत. खाजगी कंपनीवर ते त्याच प्रकारे बंधनकारक नाहीत. समान संधीची घटनात्मक हमी राज्यसंस्थेकडून मागता येते, खाजगी मालकाकडून नव्हे. तरीही उमेदवारास त्यांतून एक व्यवहार्य धडा घेता येतो. प्रश्न नीट वाचावा. ‘दोषसिद्धी झाली आहे काय’ असे विचारले असता, निर्दोष सुटलेल्या मनुष्याने ‘नाही’ असे उत्तर देणे हे सत्यच आहे. ‘खटला झाला आहे काय’ असे विचारले असता मात्र तेच उत्तर असत्य ठरते. निकालपत्राची प्रमाणित प्रत जवळ बाळगावी. न्यायालयाच्या संकेतस्थळावर आपल्या नावापुढे काय दिसते हे अर्जापूर्वी स्वतः पाहावे. आणि सांगावयाचे ते पडताळणी सुरू होण्यापूर्वी, लेखी व थोडक्यात सांगावे. लपविलेली गोष्ट नोकरी लागल्यानंतर दहा वर्षांनीही बाहेर येऊ शकते. तेव्हा मूळचा अपराध क्षुल्लक असला, तरी दिशाभूल केल्याचा ठपका नवा असतो.

कायद्यातील दोन दिलासे

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये, मृत्युदंड अथवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधात न्यायालय दोषी व्यक्तीस कारागृहात न पाठविता, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. अशा व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही, असे कलम १२ सांगते. या कलमाचा आवाका मात्र न्यायालयांनी मर्यादित ठेवला आहे. परिवीक्षेवर सुटलेल्या कर्मचाऱ्यास त्याच्या वर्तनाबद्दल कामावरून काढता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले. दुसरा दिलासा अधिक पूर्ण स्वरूपाचा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेल्या अपराधामुळे त्यास कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरावीक काळानंतर त्या नोंदी नष्ट कराव्या लागतात. सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या काही निर्घृण अपराधांचा तेवढा अपवाद आहे. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरले. प्रौढ व्यक्तीची नोंद काही वर्षांनी पुसली जावी, अशी सर्वसाधारण तरतूद मात्र आपल्या कायद्यात नाही.

कौशल्य किती उपयोगी पडते?

संगणकाच्या क्षेत्राविषयी असे म्हटले जाते की, येथे मनुष्य काय जाणतो हे पाहिले जाते. तो कोण आहे हे पाहिले जात नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने नोव्हेंबर १९८८ मध्ये सोडलेल्या एका प्रणालीने जाळ्यातील हजारो संगणक ठप्प झाले. १९९० मध्ये तो दोषी ठरला. त्यास तीन वर्षांची परिवीक्षा, चारशे तासांची समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड झाला. पुढे तोच मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत प्राध्यापक झाला, आणि २००५ मध्ये स्थापन झालेल्या ‘वाय कॉम्बिनेटर’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक ठरला. केव्हिन मिटनिक हा १९९५ साली पकडला गेला, पाच वर्षे तुरुंगात राहिला, आणि नंतर २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत संगणक-सुरक्षेचा नामांकित सल्लागार म्हणून वावरला. परंतु मॉरिसचे वडील स्वतः सरकारी संगणक-सुरक्षा क्षेत्रातील शास्त्रज्ञ होते, आणि मिटनिकची कीर्तीच त्याचे भांडवल बनली. सामान्य बुद्धीच्या, अनोळखी घरातील मनुष्याला या उदाहरणांवरून दिलासा मिळत नाही.

त्याच्यासाठी प्रत्यक्ष शिक्षणाचे प्रयत्न अधिक मोलाचे आहेत. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात २०१४ पासून कैद्यांना संगणक-प्रणाली लिहिण्यास शिकविले जाऊ लागले, आणि तेही त्यांना आंतरजालाशी जोडल्याविना. आपल्याकडे गुरुग्रामजवळील भोंडसी कारागृहात एका कच्च्या कैद्याने, जो व्यवसायाने संगणक-अभियंता होता, कारागृहाचे दप्तर सांभाळणारी प्रणाली तयार केली. तो पुढे निर्दोष सुटला आणि त्याची प्रणाली हरियाणातील कारागृहांत वापरात आली. २०१० मध्ये बंगळूरच्या एका कंपनीने हैदराबादजवळच्या चेर्लपल्ली कारागृहात सुशिक्षित कैद्यांकडून माहिती-नोंदणीची कामे करून घेण्याची योजना जाहीर केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे कारागृहांत चालतात. आत शिक्षण मिळते. बाहेर आल्यावर ते शिक्षण मोजले जाईल अशी व्यवस्था मात्र अजून उभी राहावयाची आहे. तूर्त अशा व्यक्तीस लहान कंपन्यांतील नोकरी, स्वतंत्रपणे कंत्राटावर करावयाची कामे, अथवा स्वतःचा व्यवसाय हे मार्ग अधिक मोकळे आहेत. कारण तेथे काम देणारा मनुष्य समोर असतो आणि केलेले काम त्याला दाखविता येते.

न पुसली जाणारी स्मृती

एका अमेरिकन नागरिकावर भारतात अमली पदार्थांविषयीचा खटला झाला होता. कनिष्ठ व उच्च अशा दोन्ही न्यायालयांनी त्यास निर्दोष ठरविले. मायदेशी जाऊन त्याने कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु त्याचे नाव शोधणाऱ्या प्रत्येक मालकापुढे ते निकालपत्र येई. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते निकालपत्र शोधयंत्रांतून दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. त्यापूर्वी, जानेवारी २०१७ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने एका महिलेचे नाव निकालात झाकण्याचा आदेश दिला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही एका निर्दोष ठरलेल्या व्यक्तीच्या बाजूने तसाच निर्णय दिला; मात्र जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. न्यायदान उघड असावे हे तत्त्व मोठे आहे, आणि सुटलेल्या मनुष्यास पुन्हा जगू द्यावे हे तत्त्वही लहान नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावा, यावर कायदेपंडितांत मतभेद आहेत.

ब्रिटनने या प्रश्नाचे एक उत्तर १९७४ मध्येच दिले. अपराध्यांच्या पुनर्वसनाच्या त्या कायद्यानुसार, अडीच वर्षांपर्यंतची शिक्षा झालेल्या मनुष्याने ठरावीक काळ निर्दोषपणे घालविला, तर त्याची दोषसिद्धी ‘निःशेष’ मानली जाते आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगण्याचे बंधन उरत नाही. पुढे ही मर्यादा वाढविण्यात आली. मुलांची देखभाल यांसारखी कामे त्यातून वगळलेली आहेत. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ मध्ये असे ठरविले की, खाजगी मालकाने दोषसिद्धीविषयीचा प्रश्न नेमणूक देऊ केल्यानंतरच विचारावा. म्हणजे प्रथम उमेदवाराची पात्रता पाहिली जाईल. पुढे अनेक राज्यांनी हा मार्ग अनुसरला.

असा विचार महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंता बंगळूर येथे म्हैसूर सरकारच्या विद्युत-साहित्याच्या कारखान्याचे व्यवस्थापन पाहत होते. १९३९ मध्ये औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने त्यांनी आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी करण्यात पुढाकार घेतला. तेथे भिंती व बेड्या नव्हत्या. कैदी शेती करीत व आपल्या कुटुंबांसह राहत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत होती. ती वसाहत विश्वासावर उभी होती, आणि तो विश्वास कैद्याची शिक्षा संपण्यापूर्वीच टाकला गेला होता.

आजच्या उद्योगाकडून मागावयाचे आहे ते याहून कमीच आहे. पडताळणी करू नये असे कोणी म्हणत नाही. ज्याने दुसऱ्याच्या खात्यातील पैसा लांबविला, त्याला लगेच बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या द्याव्यात असेही नाही. मागणी इतकीच आहे की, अपराध कोणता, तो किती जुना, त्याचा देऊ केलेल्या कामाशी संबंध काय, आणि न्यायालयाने शेवटी काय ठरविले, हे चार प्रश्न विचारल्यावाचून कोणाचा अर्ज बाजूला पडू नये. जे कंपनीच्या संचालकासाठी पाच वर्षांचे आणि लोकप्रतिनिधीसाठी सहा वर्षांचे अंतर पुरेसे मानते, त्या विधिमंडळाने सामान्य कर्मचाऱ्यासाठीही असे एक अंतर ठरवून द्यावयास हवे. तोपर्यंत शिक्षा भोगून झालेल्या मनुष्याला आपल्या शिक्षेचा शेवट कोणत्या दिवशी झाला, हे निश्चितपणे सांगता येणार नाही.